अल्पाचें माप

माया आणि मोजमाप यांचें हाडवैर आहे, अशी एक समजूत आपल्या समाजांत फार जुनी आहे. जो मोजून देतो तो कद्रू, जो ओंजळीनें देतो तो उदार. आईनें वाढलेल्या भाताचीं शितें कोणी मोजीत नाहीं. मोजलीं तर तें घर नव्हे, खाणावळ होय, असें आपण म्हणतों. दान या शब्दाला तर माप हा शब्द शेजारीं बसलेलाहि सोसत नाहीं. आकडा आला कीं व्यवहार आला, आणि व्यवहार आला कीं त्याच्यामागोमाग संशय आला, अशी ही विचारांची सांखळी आहे. ती सर्वस्वीं खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु दानाचा एक प्रकार असा आहे कीं त्यांत मापावांचून दात्याला न्याय मिळत नाहीं आणि घेणाऱ्यालाहि मिळत नाहीं. आणि तें माप तरी कशाचें, तर जो पदार्थ त्या ठिकाणीं असूं नये, आणि असला तरी अगदीं थोडा असतो, त्याचें. रक्ताच्या पिशवींत पेशींभोंवतीं जो द्रव असतो, त्यांत उतरलेलें थोडेंसें हिमोग्लोबिन हा तो पदार्थ; आणि फोटोमीटर, म्हणजे प्रकाशमापक, हें तें मोजण्याचें साधन. प्रयोगशाळेंतल्या या लहानशा कृतींत नीतिशास्त्राचा एक मोठा प्रश्न दडलेला आहे, असें आम्हांस वाटतें, आणि त्याचाच येथें थोडा विचार करावयाचा आहे.

आम्ही राहतों तें माणिकपूर वसई रोड स्टेशनाच्या पश्चिमेला आहे. केळीच्या वाड्या, पानवेली आणि भातशेती यांच्यामध्यें वसलेलें हें गांव पुढें नवघर-माणिकपूर नगरपरिषदेंत गेलें, २००९ सालीं वसई-विरार महानगरपालिकेंत मिसळलें, आणि २०१४ सालीं ठाणें जिल्ह्याचे दोन भाग झाल्यावर पालघर जिल्ह्यांत गणलें जाऊं लागलें. पाटीवरचीं नांवें बदललीं, पण एक संवय या भागांत चांगली रुजली आहे. रविवारीं कोठें शाळेच्या सभागृहांत, कोठें चर्चच्या आवारांत, कोठें गणेशोत्सवाच्या मंडपांत रक्तदानाचें शिबिर भरलें कीं लोक निमूटपणें रांगेंत उभे राहतात. गंमत अशी कीं येथें दान घेण्यापूर्वीं दात्यालाच मोजतात. वय अठरांच्या वर हवें, वजन निदान पंचेचाळीस किलो हवें, हिमोग्लोबिन दर शंभर मिलिलिटर रक्तांत १२.५ ग्रॅमांहून कमी नको. हें सर्व जुळलें कीं साडेतीनशें मिलिलिटर रक्त घेतात (वजन भरपूर असेल तर साडेचारशें), चहा आणि बिस्किटें देतात, आणि माणूस घरीं जातो. पुरुषानें पुढचे तीन महिने व स्त्रीनें चार महिने पुन्हा रक्त द्यावयाचें नाहीं, इतकें सांगून त्या दानाची कथा दात्यापुरती संपते.

अशाच एका शिबिरांत एका वयस्कर वाडीवाल्यानें आम्हांस विचारलें होतें, "सर, आमचें रक्त खरोखर कुणाच्या कामीं येतें ना? कीं तिकडे ओतून देतात?" आजूबाजूचे तरुण हंसले. आम्हांस मात्र तो प्रश्न हंसण्यासारखा वाटला नाहीं. कारण खरें उत्तर असें कीं बहुतेक रक्त कामीं येतें, आणि कांहीं खरोखरच ओतून देतात. मग प्रश्न उरतो तो हा, कीं कोणतें ओतावें हें कोणी आणि कशावरून ठरवावें.

रक्त शरीराबाहेर आलें कीं त्याचें काय होतें तें थोडें पाहिलें पाहिजे. पेढींत पिशवी वेगानें फिरवून तांबड्या पेशी व रक्तद्रव, म्हणजे प्लाझ्मा, हीं वेगळीं करतात. पेशींच्या पिशवींत त्यांना पोसणारें द्रावण घालून ती २ ते ६ अंश सेल्सियस उष्णमानांत ठेवतात, आणि अशा रीतीनें ती ४२ दिवस वापरतां येते. शरीरांत तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते. थंडीनें तिचें म्हातारपण लांबतें, टळत नाहीं. रोज कांहीं पेशी फुटतात आणि त्यांच्यांतलें हिमोग्लोबिन भोंवतालच्या द्रवांत उतरतें. पेशीच्या आंत असेपर्यंत जें आपलें प्राणवायूचें वाहन असतें, तेंच बाहेर पडलें कीं उपद्रवी होतें. शरीरानें याचीहि तजवीज ठेवलेली आहे. निरोगी माणसाच्या रक्तद्रवांत दर शंभर मिलिलिटरला पांच मिलिग्रॅमांच्या आंतबाहेर मोकळें हिमोग्लोबिन असतें, आणि हॅप्टोग्लोबिन नांवाचें एक प्रथिन त्याला धरून वाटेला लावतें. पण धरणाऱ्याचे हात थोडे आणि सुटलेलें हिमोग्लोबिन पुष्कळ, अशी स्थिति आली कीं तें मूत्रपिंडांत उतरतें. आणि रक्तवाहिन्यांना सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड तें शोषून घेतें, हें २००२ सालच्या संशोधनानें विशेष स्पष्ट झालें. थोडें असलें तर शरीर तें सोसतें, फार असलें तर सोसत नाहीं. 'थोडें' आणि 'फार' हे दोन शब्द येथें जीवनमरणाचें काम करतात, आणि दोन्ही शब्द मुळांत बिनमापाचे आहेत.

पूर्वीं हें काम डोळ्यावर सोपविलेलें असे, आणि पुष्कळ अंशीं अजूनहि असतें. पिशवी उभी टांगली, पेशी खालीं बसल्या, कीं वरचा द्रव पिवळसर आहे कीं तांबूस हें पाहतात. डोळा हें कांहीं सामान्य साधन नव्हे. शंभर मिलिलिटर द्रवांत सुमारें तीस मिलिग्रॅम हिमोग्लोबिन उतरलें तरी तांबूस छटा डोळ्याला दिसूं लागते. म्हणजे रक्तांत एरवीं जें चौदा ग्रॅमांच्या आसपास असतें, त्याचा सुमारें साडेचारशेंवा भाग त्याला कळतो. परंतु आहे हें कळणें आणि किती आहे हें कळणें, या दोन फार निराळ्या शक्ति आहेत. आमच्या वसईंतील जुन्या बागायतदारांना बावखलाचें किंवा विहिरीचें पाणी मचूळ झालें हें जिभेवर थेंब घेतांच समजे. पण केळीला चालेल इतकें मचूळ कीं पानवेल जळेल इतकें मचूळ, याबद्दल दोन जिभांचें एकमत होणें कठीण. आणि सकाळीं खारी मासळी खाल्लेल्या जिभेचें मत तर आणखीच निराळें. डोळ्याचें तसेंच आहे. खिडकीच्या उजेडांत जी पिशवी फिकट दिसते ती दिव्याखालीं गडद दिसते, आणि अगदीं स्वच्छ पिशवीच्या शेजारीं ठेवलेली साधारण पिशवी अपराध्यासारखी दिसते.

रंगावरून हिमोग्लोबिन ओळखण्याची विद्या जुनीच आहे. टिपकागदावर रक्ताचा थेंब घेऊन तो छापील छटांशीं ताडून पाहण्याची रीत होती. साहली यांची नळी तर आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांतून अनेक दशकें विद्यार्थ्यांच्या हातांत होती. तींत आम्लानें तपकिरी झालेल्या रक्तांत पाणी घालीत घालीत शेजारच्या कांचेच्या रंगाशीं मिळवावयाचें. या सर्व रीतींत यंत्र म्हणजे नळी, पण न्यायाधीश म्हणजे डोळाच. फोटोमीटरानें न्यायाधीश बदलला. द्रवांतून प्रकाश पाठवावा, पलीकडे किती पोंचला तें पाहावें, आणि वाटेंत जो गळाला त्यावरून द्रवांतील रंगद्रव्य किती तें सांगावें, हा त्याचा नियम. तो बूगे व लँबर्ट यांनीं अठराव्या शतकांत आणि बेअर यांनीं १८५२ सालीं मांडला. रक्तद्रवाकरितां जे लहान प्रकाशमापक निघाले आहेत, त्यांत एका चिमुकल्या पारदर्शक कुपींत थेंबभर द्रव चढवितात. कुपीच्या आंत आधींच वाळवून ठेवलेलीं रसायनें हिमोग्लोबिनाचें एका स्थिर रंगाच्या संयुगांत रूपांतर करतात. सायनाइडासारखें जहाल विष न वापरतां अझाइडानें हें साधावें, ही पद्धति व्हान्झेत्ती यांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केली होती.

दवाखान्यांत ॲनिमिया पाहण्याचें जें नेहमींचें यंत्र असतें तें येथें चालत नाहीं. बारा कीं चौदा ग्रॅम हें सांगण्यासाठीं जें बनविलें आहे, त्याला ग्रॅमाच्या दहाव्या हिश्शांतला फरक विचारणें म्हणजे लांकडाच्या वखारींतल्या कांट्यावर सोनें तोलण्यासारखें आहे. त्यासाठीं अल्पाचेंच माप घेणारें निराळें यंत्र लागतें. आणि तेंहि फार खालीं उतरलें कीं डळमळूं लागतें. निरोगी रक्तद्रवांतल्या त्या पांच मिलिग्रॅमांचा छडा लावावयाचा तर प्रयोगशाळेंतील मोठ्या उपकरणाकडे जावें लागतें. हें आम्ही मुद्दाम सांगतों, कारण यंत्राचा मोठेपणा डोळ्याला न दिसणारें पाहण्यांत आहे अशी आपली सहज समजूत होते. या बाबतींत तसें नाहीं. जेथें डोळा पाहूं लागतो तेथूनच बहुधा हें यंत्रहि पाहूं लागतें. फरक एवढाच कीं डोळा 'दिसलें' म्हणून थांबतो आणि यंत्र 'इतकें' म्हणून सांगतें.

या यंत्रांतली एक युक्ति आम्हांस फार आवडते. तें एकाच प्रकाशावर विसंबत नाहीं. ५७० नॅनोमीटरच्या लहरींना त्या संयुगाचा रंग अडवितो, म्हणून त्या लहरींनीं एक माप घेतात. पण द्रव गढूळ असला, दात्यानें रक्त देण्यापूर्वीं तुपकट जेवण केलें असलें आणि स्निग्धांशानें तो दुधाळ झाला असला, तरीहि प्रकाश अडतो. आणि तो हिमोग्लोबिनाचा दोष नव्हे. म्हणून ८८० नॅनोमीटरच्या, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या, लहरींनीं दुसरें माप घेतात. तेथें हिमोग्लोबिन जवळजवळ आड येत नाहीं, आड येतो तो गढूळपणाच. दुसरें पहिल्यांतून वजा केलें कीं उरतें तें खरें. दिसणाऱ्या काळोखीपैकीं आरोपीची किती आणि परिस्थितीची किती, हा प्रश्न यंत्राच्या रचनेंतच घातलेला आहे. माणसांविषयीं मत बनवितांना हा दुसरा दिवा आपण किती वेळां लावतों?

तरीहि एक गोष्ट यंत्राला कळत नाहीं, आणि ती मोजणाऱ्यालाच कळली पाहिजे. पेशी फुटल्या त्या पिशवींत फुटल्या, कीं नमुना काढतांना आमच्याच हातून फुटल्या? सुई फार बारीक असली, नळी जोरानें हलविली, कीं निर्दोष रक्तहि तांबूस होतें. आपल्याच हाताची चूक दुसऱ्याच्या खात्यावर मांडली जाण्याचा हा धोका आहे, आणि म्हणून चांगला तंत्रज्ञ विलक्षण आकडा आला कीं आधीं स्वतःवर संशय घेतो, नमुना पुन्हा घेतो. परंतु प्रत्येक विलक्षण गोष्ट हाताची चूक म्हणून झटकून टाकणें हीहि एक चूकच. माणिकपुराहून लोकलनें तासाभराच्या अंतरावर जी मुंबई आहे, तेथें डॉक्टर भेंडे आणि त्यांचे सहकारी यांना असें रक्त आढळलें कीं तें 'ओ' गटाच्या रक्ताशींहि जुळेना. जें सर्वांना चालतें अशी ख्याति, तेंच यांना चालेना. चाचणी बिघडली असें म्हणून त्यांना पुढें जातां आलें असतें. त्यांनीं तसें केलें नाहीं, आणि १९५२ सालीं 'लॅन्सेट' या नियतकालिकांत त्या नव्या गटाची वार्ता दिली. जगानें त्याला बाँबे रक्तगट असें नांव दिलें. आपल्या देशांत सुमारें दहा हजारांत एकाचा हा गट असतो. त्या एकाला साधें 'ओ' रक्त दिलें तर पेशी पिशवींत नव्हे, त्याच्या धमन्यांतच फुटतात, आणि जो रक्तद्रव आम्ही पिशवींत तपासतों तो त्याच्या देहांतच तांबडा होतो. आकड्यावर घाईनें विश्वास ठेवूं नये आणि घाईनें अविश्वासहि ठेवूं नये, ही जी मनाची बैठक लागते, ती कोणत्याहि यंत्राबरोबर विकत मिळत नाहीं.

आतां मुख्य मुद्द्याकडे येऊं. समजा, दोन पिशव्यांतला द्रव सारखाच तांबूस आहे; दोहोंत दर शंभर मिलिलिटरला ४०० मिलिग्रॅम हिमोग्लोबिन उतरलें आहे. डोळा दोघींना एकच शिक्षा देईल. पण पहिल्या पिशवींत पेशींनीं ६० टक्के जागा व्यापली आहे आणि एकूण हिमोग्लोबिन २० ग्रॅम आहे. तेव्हां द्रवाचा वांटा ४० टक्के, आणि फुटलेल्या पेशींचें प्रमाण भरतें ०.८ टक्के. दुसरींत पेशी ७० टक्के आणि एकूण हिमोग्लोबिन २३ ग्रॅम. द्रव ३० टक्केच, म्हणून प्रमाण होतें साधारण ०.५ टक्के. रंग तोच, निकाल दोन. तांबूसपणा हा पुरावा आहे, निकाल नव्हे. निकालासाठीं आणखी दोन आकडे विचारावे लागतात, आणि ते विचारण्याची तसदी डोळा घेत नाहीं.

यावर कोणी म्हणेल, संशय आला तर टाकून द्यावी पिशवी. रोग्याच्या जीवापुढें एका पिशवीची काय किंमत? हें बोलणें ऐकायला दयाळू आहे. पण रक्तपेढ्यांतील परीक्षणांतून असें दिसून आलें आहे कीं डोळा बहुधा दोष वाढवूनच पाहतो, आणि मर्यादेच्या आंत असलेल्या पिशव्याहि केवळ रंगावरून फेंकल्या जातात. सावधपणा फुकट मिळतो असें आपण समजतों, आणि तो फुकट वाटतो याचें कारण त्याची किंमत दुसरा कोणी देतो. टाकणाऱ्याचें कांहीं जात नाहीं. जातें तें त्या वाडीवाल्याचें साडेतीनशें मिलिलिटर रक्त, त्याचे तीन महिने, आणि तो कधींच विचारायला येणार नाहीं. आपल्या देशांत पूर्वीं पैसे घेऊन रक्त देणारे धंदेवाईक दाते होते. सर्वोच्च न्यायालयानें १९९६ सालीं दिलेल्या निर्णयानें ती प्रथा बंद करण्याचा मार्ग आंखला, आणि १ जानेवारी १९९८ पासून ती बंद झाली. विकत घेतलेली वस्तु टाकली तर मालकाचें नुकसान होतें, एवढेंच. दिलेली वस्तु टाकली तर नुकसान कोणाचें, याचें उत्तर हिशेबाच्या वहींत सांपडत नाहीं. रिचर्ड टिटमस यांनीं १९७० सालीं रक्तदानावर जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यांत अनोळखी माणसाला दिलेल्या या देणगीवर समाजाचा परस्परविश्वास कसा तोलला जातो हें दाखविलें होतें. आम्ही त्याला एवढीच पुस्ती जोडूं, कीं असा विश्वास घेणाऱ्यावर तपशिलाची जबाबदारी टाकतो. दिलेलें रक्त नीट न मोजतां रोग्याला देणें हा जसा विश्वासघात, तसाच तें नीट न मोजतां टाकणें हाहि होय.

पण दात्याची आणि रोग्याची बाजू अशीं दोन पारडीं मांडलीं म्हणजे प्रश्न सुटला असें नाहीं. थॅलसीमियाच्या मुलाचें उदाहरण घ्या. त्याला दोन ते चार आठवड्यांनीं जन्मभर रक्त लागतें. एका पिशवींतलें मोकळें हिमोग्लोबिन मोठ्या माणसाला एकदांच मिळालें तर कदाचित् कांहीं बिघडणार नाहीं. या मुलाच्या लहानशा देहांत तें वर्षाकाठीं पंधरा-वीस वेळां जावयाचें आहे. थेंबें थेंबें तळें सांचतें, हें येथें अगदीं शब्दशः खरें आहे. म्हणजे मर्यादा कडक असावी अशी सर्वांत मोठी गरज याचीच. आणि फेंकाफेंकीनें पेढी रिकामी झाली तर सर्वांत आधीं परत पाठविला जाईल तोहि हाच, कारण अपघाताचा रोगी आज आला आहे आणि हा पुढच्या आठवड्यांत आला तरी चालेल असें वाटतें. पालघरच्या डोंगराळ तालुक्यांत सिकलसेलचे रोगी आहेत; त्यांच्या तर स्वतःच्याच पेशी रोज फुटत असतात, मोकळें हिमोग्लोबिन त्यांच्या रक्तद्रवांत आधींच अधिक असतें. त्यांच्याहि बाबतींत हेंच. एकच मूल दोन्ही पारड्यांत बसलेलें आहे. कडकपणा कीं सढळपणा, असा वाद घालून त्याचें कांहींच हित होत नाहीं. त्याला हवा आहे तो खरा आकडा.

आणि खऱ्या आकड्याला रेघ लागते. येथें तत्त्वज्ञान्याचा आवडता आक्षेप पुढें येतो. साठवणीच्या शेवटीं फुटलेल्या पेशींचें प्रमाण ०.८ टक्क्यांहून कमी असावें असें युरोपांतील मार्गदर्शिका म्हणते. अमेरिकेंत ही रेघ १ टक्क्यावर आहे. अटलांटिक ओलांडतांना रक्ताचा स्वभाव बदलतो काय? अर्थात् नाहीं. मग रेघ खोटी, नुसती संकेताची, असें म्हणावें काय? ग्रीक लोकांनीं वाळूच्या ढिगाचें एक कोडें घातलें होतें: ढिगांतून एकेक कण काढीत गेलों तर तो ढीग नेमका कोणत्या कणाला ढीग राहत नाहीं? त्याला उत्तर नाहीं. पण म्हणून मूठभर वाळू आणि गाडीभर वाळू एकच असें गंवडीहि म्हणणार नाहीं. निसर्ग रेघा मारीत नाहीं, हें कबूल. दिवस आणि रात्र यांच्यामध्यें संधिकाल आहे. तरी गाडीला दिवे कधीं लावावे याचा नियम करावाच लागतो, आणि तो सूर्य मावळण्यापूर्वीं करावा लागतो.

संकेताच्या रेघेची नीति तिच्या जागेंत नसून तिच्या काळांत आहे, असें आमचें मत आहे. ती आधीं ठरलेली असते. कोणाची पिशवी, कोणाचा रोगी, हें कोणालाच ठाऊक नसतांना ती ठरलेली असते. पिशवी समोर आल्यावर, रोगी ओळखीचा निघाल्यावर, 'इतकें चालेल' असें जें आपण म्हणतों, त्यांत आपल्या सोयीचा अंश किती हें आपल्यालाहि सांगतां येत नाहीं. यंत्राची स्वतःची चूक बहुधा ०.७९ आणि ०.८१ यांच्यांतील अंतराहून मोठी असते, हेंहि खरें. अशा वेळीं प्रामाणिक मनुष्य नमुना पुन्हा मोजतो आणि दोन्ही आकडे लिहून ठेवतो. अप्रामाणिक मनुष्य पुन्हा मोजतो तोहि, पण हवा तो आकडा येईपर्यंत. आणि आला कीं आधींचे लिहीत नाहीं. बाहेरून पाहणाऱ्याला दोघांची कृति एकच दिसते.

अजून एक अडचण उरली आहे, आणि आमच्या मतें ती सर्वांत खोल आहे. प्रत्येक पिशवी अशी मोजतां येत नाहीं. नमुन्यासाठीं पिशवी उघडली कीं ती पूर्वींसारखी निर्जंतुक राहिली असें खात्रीनें म्हणतां येत नाहीं. म्हणून शेंकडा एकाच्या आसपास पिशव्या निवडतात, बहुधा मुदत संपत आलेल्या, आणि त्यांच्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधतात. शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण आपण रोज वापरतों. पण बोटांत दाबून पाहिलेलें शीत पुन्हा पातेल्यांत जात नाहीं, याचा विचार कोणी करीत नाहीं. ज्याची पिशवी नमुना म्हणून गेली, त्या दात्याचें दान वाया गेलें काय? त्याच्या रक्तानें एकाहि रोग्याचा जीव वांचला नाहीं. पण त्या आकड्यावर उरलेल्या नव्व्याण्णव पिशव्या विश्वासानें बाहेर गेल्या. थंड कपाटाचें उष्णमान बिघडलें आहे, फिरविण्याचा वेग अधिक झाला आहे, वाहतुकींत पिशव्या आदळल्या आहेत, हें त्या एकीनेंच सांगितलें. रक्त देतांना तो वाडीवाला हें जाणत नव्हता, आणि त्याला विचारलेंहि नव्हतें. विचारलें असतें तर त्यानें नाहीं म्हटलें असतें असें आम्हांस वाटत नाहीं. तरी न विचारतां त्याचें दान दुसऱ्या कामीं लावलें आहे, तेव्हां त्या नमुन्याचें माप निष्काळजीपणानें घेण्याचा हक्क कोणालाहि उरत नाहीं. रोजच्या कंटाळवाण्या कामांत, टेबलावर पंखा फिरतो आहे, चहा येऊन निवला आहे, आणि आज तरी नेहमींसारखाच आकडा येणार म्हणून कुपी न भरतांच वहींत आंकडा मांडावा, असा मोह ज्याला होतो, त्याच्या समोर ना दाता असतो ना रोगी. कोणीच समोर नसतांना जी नीति पाळावयाची ती ही.

उरलेल्या नव्व्याण्णव पिशव्यांच्या नशिबीं मात्र पुन्हा डोळाच. पण आतां तो पूर्वींचा डोळा नसतो. ज्यानें वर्षभर रंग पाहून आपला अंदाज आधीं लिहिला आणि मग यंत्राचा आकडा त्याच्याशेजारीं मांडला, त्याचा डोळा शिकलेला असतो. आपण कोठें घाबरतों आणि कोठें ढिले पडतों हें त्याला कळतें. यंत्रें आलीं कीं माणसाचीं इंद्रियें बोथट होतात अशी तक्रार नेहमीं ऐकूं येते. ती जेथें यंत्र डोळ्याच्या जागीं बसवितात तेथें खरी असेल. येथें तें डोळ्याच्या शेजारीं बसविलेलें आहे.

मे महिन्यांत महाविद्यालयें बंद असतात, लोक गांवीं जातात, शिबिरें थंडावतात, आणि महाराष्ट्रांतल्या पेढ्यांतून दर वर्षीं रक्ताची टंचाई पडते. अशा एखाद्या रात्रीं जुळणारी एकच पिशवी शिल्लक आहे, तिच्या द्रवाचा रंग पाहून शंका आली आहे, आणि तिच्या नळींतला अंश तपासतां आकडा ०.९ आला आहे, असें समजूं. तो युरोपच्या रेघेपलीकडचा आणि अमेरिकेच्या रेघेअलीकडचा आकडा आहे. नळींतलें रक्त पिशवींतल्या रक्तासारखेंच असेल असेंहि नाहीं. बाहेर रक्तस्राव होत असलेली स्त्री आहे. ती पिशवी द्यावी कीं देऊं नये, हें पेढीनें ठरवावयाचें नाहीं. तें रोग्याशेजारीं उभ्या असलेल्या डॉक्टरनें ठरवावयाचें आहे, आणि तो दोहोंपैकीं कोणताहि निर्णय घेऊं शकेल. पेढीवरच्या तंत्रज्ञानें टेलिफोनवर काय सांगावें हा प्रश्न आहे. 'थोडें तांबूस आहे, पण चालण्यासारखें वाटतें,' असें सांगितलें तर दोघांनाहि झोंप लागेल, आणि उद्यां कांहीं झालें तर दोघांनाहि निसटतां येईल. तो ०.९ म्हणून सांगतो, नमुना नळींतला आहे हेंहि सांगतो, वहींत वेळ मांडतो, आणि पिशवी न्यायला आलेल्या वॉर्डबॉयच्या हातांत जो कागद देतो त्यावर डॉक्टरच्या सहीसाठीं एक ओळ मोकळी सोडलेली असते.